कांडवेल, द्राक्ष आणि अक्कलदाढ

द्राक्षवेल आणि कांडवेल एकाच कुळातल्या आहेत, हे द्राक्षांच्या नाशिक जिल्ह्यातही फार थोड्यांना ठाऊक असतं. कांडवेल म्हणजेच हाडजोड. कोरड्या माळांवर, काटेरी कुंपणांवर चढलेली ही वेल लगेच ओळखू येते. चौकोनी, मांसल, हिरवी कांडी, चारही कडांना पातळ पंख, प्रत्येक पेऱ्यापाशी आवळल्यासारखी बारीक झालेली. पेऱ्यावर एखादंच जाडसर पान आणि त्याच्या बरोबर समोर ताणा. पानासमोर ताणा असणं ही द्राक्षकुळाची खूण. हाड मोडलं की ही कांडी ठेचून वर बांधायची, तिचा रस पोटात द्यायचा, ही रीत देशात अनेक ठिकाणी आहे. आयुर्वेदाच्या निघंटूंत ती अस्थिसंहारक, अस्थिशृंखला अशा नावांनी येते.

लोकांचा हा अनुभव प्रयोगशाळेत तपासायला फार उशीर झाला नाही. बनारस हिंदू विद्यापीठातले शल्यविशारद डॉ. के. एन. उडुपा आणि डॉ. जी. सी. प्रसाद यांनी १९६४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जुळत आलेल्या हाडाची ताकद त्यांनी मोजली, शिवाय किरणोत्सारी कॅल्शियम-४५ वापरून हाडात कॅल्शियम कसं भरतं तेही पाहिलं. कांडवेल दिल्यावर मोडलेलं हाड लवकर भरून येतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. वेलीतलं नेमकं कोणतं द्रव्य हे काम करतं आणि कोणत्या पेशीवर करतं, हे मात्र त्या काळी सांगता येण्यासारखं नव्हतं. हाड घडवू शकणारी माणसाची पेशी वेगळी काढून काचेत वाढवायची विद्या तेव्हा नुकती कुठे रांगत होती. आज ती विद्या हाताशी आहे. आणि तिला लागणारा कच्चा माल दंतवैद्यांच्या दवाखान्यात रोज कचऱ्यात जातो.

दाताचं वरचं कवच टणक, त्याखालचं दंतिनही टणक, पण अगदी मध्ये एक पोकळी असते आणि तिच्यात मऊ, लालसर गर असतो. रक्तवाहिन्या, नसा आणि पेशी यांचा तो गर. रूट कॅनॉल करताना डॉक्टर बारीक सुईने जो धाग्यासारखा भाग ओढून काढतात, तो हाच. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन ग्रॉन्थोस, सोंगताओ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण माणसांच्या काढून टाकलेल्या अक्कलदाढा घेतल्या, त्यांतला गर वेगळा केला आणि त्यात मूलपेशी असल्याचं दाखवलं. मूलपेशी म्हणजे अजून कोणत्याही एका कामाला न जुंपलेली पेशी. ती स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि योग्य खुणा मिळाल्या की हाड, चरबी, कूर्चा अशा वेगवेगळ्या वाटांना लागते. तीन वर्षांनी शी यांच्याच गटाने दुधाच्या दातांतही अशा पेशी असल्याचं प्रसिद्ध केलं. आपल्या लहान मुलीच्या पडलेल्या दातात लाल ऊतक दिसलं आणि तिथून त्यांना ही कल्पना सुचली. एका दुधाच्या दातात अशा पेशी किती? वसाहत करू शकणाऱ्या जेमतेम १२ ते २०. पण काचेत त्या इतक्या जोमाने वाढतात की सुरुवातीच्या या तुटपुंज्या संख्येने काही अडत नाही. २००४ मध्ये दाताला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंतही मूलपेशी सापडल्या.

आपल्याकडे दुधाचा दात कौलावर फेकतात आणि अक्कलदाढ कापूस-पट्टीबरोबर डब्यात जाते. त्या दाढेचा प्रयोगशाळेत काय उपयोग होतो, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. निरोगी अक्कलदाढ काढल्याबरोबर प्रतिजैविकं घातलेल्या थंड पोषक द्रवात ठेवतात. मग कवच आणि मूळ जिथे मिळतात त्या रेषेवर बारीक चकतीने चर पाडून दाढ फोडतात आणि गर चिमट्याने बाहेर काढतात. तो असतो अगदी चिमूटभर. त्याचे बारीक तुकडे करून ऊतक सैल करणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) द्रावात, अंगाच्या तापमानाला, तासभर ठेवले की पेशी सुट्या होतात. या पेशी प्लास्टिकच्या सपाट बाटलीत टाकायच्या. रक्तपेशी तरंगत राहतात, त्या धुऊन जातात. ज्या थोड्या तळाला चिकटतात त्या आपल्या कामाच्या. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसू लागतात, मग त्यांचे घोळके होतात आणि पंधरवड्यात तळ भरून जातो. अशा पेशींना खऱ्या अर्थाने मूलपेशी म्हणायचं तर काय काय सिद्ध व्हायला हवं, याचे निकष २००६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिले. पेशी प्लास्टिकला चिकटली पाहिजे, तिच्या पृष्ठभागावर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही प्रथिनं असली पाहिजेत, आणि हाड, चरबी व कूर्चा या तिन्ही वाटांनी ती जाऊन दाखवली पाहिजे.

पेशीला हाडाच्या वाटेला लावण्यासाठी पोषक द्रवात तीन गोष्टी घालतात: डेक्सामेथासोन, क जीवनसत्त्व आणि फॉस्फेट पुरवणारं बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. साधारण तीन आठवडे जातात. त्या काळात पेशी आधी कोलॅजनचं जाळं विणते, अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर तयार करते, आणि शेवटी त्या जाळ्यात कॅल्शियमचे खडे साचू लागतात. मग द्रव काढून टाकून बशीत अ‍ॅलिझरिन रेड नावाचा रंग ओततात. कॅल्शियम जिथे असेल तिथे तो बसतो आणि बशी विटकरी-लाल होते. कोणत्याही दंत महाविद्यालयाच्या प्रबंधात हा लाल बशीचा फोटो हमखास असतो.

या रंगाची गोष्ट मला फार आवडते, कारण वनस्पतीतल्या द्रव्याची आणि वाढत्या हाडाची जुनी ओळख तिच्यात आहे. अ‍ॅलिझरिन हा मुळात वनस्पतीचा रंग, युरोपातल्या मॅडर नावाच्या झाडाच्या मुळांतला. आपली मंजिष्ठा त्याच वंशातली. लंडनचे शल्यविशारद जॉन बेल्चर १७३६ मध्ये एका कापड छापणाऱ्याच्या घरी जेवायला गेले असता त्यांना ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडं लाल दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की छापलेलं कापड स्वच्छ करताना मॅडरच्या रंगात भिजलेला कोंडा त्या डुकरांना खायला घातला जात होता. मांस नेहमीच्या रंगाचं, लाल झालं होतं ते फक्त हाड. पुढे फ्रान्समधल्या प्रयोगांतून दिसून आलं, की रंग बसतो तो त्या काळात नव्याने तयार होणाऱ्या हाडात. हाड वरून थर चढत वाढतं, हे शास्त्रज्ञांना असं एका मुळीच्या रंगाने शिकवलं. १८६८ मध्ये जर्मनीत अ‍ॅलिझरिन कृत्रिमरीत्या तयार झालं आणि मॅडरची शेती बसली. पण प्रयोगशाळेच्या बशीत आजही हाडाची साक्ष तोच रंग देतो.

आता द्राक्षाकडे वळू. डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांची नावं ऐकली की नाशिकच्या बागाइतदाराची झोप उडते. बुरशी पानावर आली की वेलही गप्प बसत नाही. ती रेस्व्हेराट्रॉल नावाचं द्रव्य तयार करते. जपानचे मिचिओ ताकाओका यांनी १९३९-४० च्या सुमारास हे द्रव्य पहिल्यांदा एका वेगळ्याच वनस्पतीतून काढलं होतं. १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या लँगकेक आणि प्राइस यांनी दाखवलं, की बुरशी लागलेल्या किंवा अतिनील किरण दिलेल्या द्राक्षपानात ते तयार होतं. म्हणजे हे वेलीचं संरक्षणाचं हत्यार आहे. ते मण्याच्या गरापेक्षा सालीत जास्त असतं, आणि काडीतही असतं. कांडवेलीच्या कांड्यांचं रासायनिक पृथक्करण झालं तेव्हा तिथेही रेस्व्हेराट्रॉल आणि त्याची जोडलेली रूपं सापडली. त्यांतल्या काहींना कांडवेलीच्या शास्त्रीय नावावरून क्वाड्रँग्युलरिन म्हणतात. हाड जोडणारी म्हणून पिढ्यान्पिढ्या वापरलेली वेल आणि निर्यातीचं द्राक्ष देणारी वेल यांचं नातं असं रसायनापर्यंत पोचतं. एवढ्यावरून कांडवेलीचा गुण रेस्व्हेराट्रॉलमुळेच आहे असं ठरत नाही. तिच्यात स्टेरॉल, फ्लॅव्होनॉइड आणि इतरही पुष्कळ काही आहे. मणिपालमध्ये पोतू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कांडवेलीचा अर्क उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशींना दिला, तेव्हा त्या पेशी वाढल्या आणि हाडाच्या वाटेला लागल्या. तो अर्क पेट्रोलियम ईथरमध्ये काढलेला होता, म्हणजे त्यात तेलकट स्वभावाची द्रव्यं जास्त उतरणार. तेव्हा एकाच वेलीत कामाला येणारी द्रव्यं एकाहून अधिक असावीत, असं मानायला जागा आहे.

नाशिकचं दुसरं पीक म्हणजे कांदा. कांद्यात क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड भरपूर असतं. शंभर ग्रॅम कांद्यात दहा-वीस मिलिग्रॅम तरी, आणि बाहेरच्या कोरड्या पापुद्र्यात त्याच्या कितीतरी पट. लासलगावच्या लिलावाच्या आवारात आणि उन्हाळ कांद्याच्या चाळीत खाली जो लालसर पापुद्र्यांचा थर पडतो, तो क्वेर्सेटिनचा साठा आहे. दातांच्या मूलपेशी आणि हाड या विषयावर जगभर ज्या वनस्पतीद्रव्यांवर सर्वांत जास्त काम झालं, त्यांत रेस्व्हेराट्रॉल आणि क्वेर्सेटिन येतात. त्यांच्या जोडीला चीनमधल्या एका औषधी वनस्पतीतलं इकारिन, दारुहळदीतलं बर्बेरिन, हळदीतलं कर्क्युमिन आणि सोयाबीनमधलं जेनिस्टीन. महाराष्ट्रात पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था आणि पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय इथे मूलपेशींवर काम झालं आहे. पेशीविज्ञान संस्थेत अनेक वर्षं काढलेले डॉ. रमेश भोंडे या दोन्ही ठिकाणांना जोडणारा दुवा.

ही द्रव्यं पेशीत जाऊन करतात तरी काय? मूलपेशीने हाडाची वाट धरावी की चरबीची, हा निर्णय पेशीकेंद्रातली काही प्रथिनं घेतात. हाडाच्या बाजूचं मुख्य प्रथिन रनएक्स२. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्या पिलांच्या सांगाड्यात सगळी कूर्चाच होती, हाड तयारच झालं नव्हतं. रेस्व्हेराट्रॉल सर्ट१ नावाच्या विकराच्या मार्गाने चरबीकडचा कौल दाबतं आणि रनएक्स२चा जोर वाढवतं, असं अस्थिमज्जेच्या मूलपेशींत दिसलं. रेस्व्हेराट्रॉलचा आकार स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनशी थोडा जुळतो, त्यामुळे त्या संप्रेरकाच्या ग्राही प्रथिनांनाही ते काही प्रमाणात चिकटतं. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होतात ती मुख्यतः इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे, हे लक्षात घेतलं की हा धागा महत्त्वाचा वाटतो. क्वेर्सेटिनचा दुसरा गुण मला तोंडाच्या बाबतीत जास्त मोलाचा वाटतो: ते दाह कमी करतं. हिरड्यांच्या जुनाट आजारात जबड्याचं हाड झिजतं ते जंतूंपेक्षाही शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे. अशा जागी नवी पेशी नेऊन सोडली तरी त्या दाहात ती हाड घडवू शकत नाही. मूलपेशीला हाडाकडे ढकलणारं आणि भोवतीचा दाह शमवणारं द्रव्य एकच असेल, तर दंतवैद्याला दुसरं काय हवं?

हिरड्यांच्या आजाराचं आपल्याकडे काय चित्र आहे, ते खेड्यातल्या दंत-शिबिरात बसलं की कळतं. तंबाखू भाजून केलेली मिश्री सकाळ-संध्याकाळ घासणाऱ्या बायका, गुटखा खाणारी तरुण मुलं, मधुमेह असूनही कधीच दात न दाखवलेले म्हातारे. दात हलतो, हाड खाली गेलेलं असतं, आणि शेवटी दात काढावाच लागतो. दात गेल्यावर त्या जागचं हाड आणखी झिजतं, मग कवळी नीट बसत नाही आणि इम्प्लांटला आधार उरत नाही. तेव्हा हनुवटीचं किंवा कमरेचं हाड कापून लावायचं, नाहीतर गाईच्या हाडापासून केलेली किंवा कृत्रिम पावडर भरायची. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांना तर हिरडीतल्या फटीत हाड भरण्यासाठी वाढत्या वयात कमरेवर शस्त्रक्रिया सोसावी लागते. या सगळ्यांसाठी दातातून निघालेल्या पेशीचं हाड हा खरोखर मोठा दिलासा ठरेल. म्हणूनच या संशोधनाबद्दल अतिशयोक्ती केलेली मला खपत नाही.

अतिशयोक्ती होते ती मात्रेच्या बाबतीत. बशीतल्या प्रयोगांत ही द्रव्यं लिटरला साधारण १ ते १० मायक्रोमोल इतकी घालतात. क्वेर्सेटिनचे १० मायक्रोमोल म्हणजे लिटरभर द्रवात तीन मिलिग्रॅम, रेस्व्हेराट्रॉलचे म्हणजे सव्वादोन मिलिग्रॅम. याहून बरंच वाढवलं की तेच द्रव्य पेशीची वाढ थांबवतं, मारतंही. आता गंमत पाहा, तांबड्या वाइनमध्येही रेस्व्हेराट्रॉल लिटरला दोनेक मिलिग्रॅमच्या आसपासच असतं. मग नाशिकच्या गंगापूर धरणाच्या काठी बसून वाइन प्यायल्याने जबड्याचं हाड वाढेल का? मुळीच नाही. ते द्रव्य आतड्यातून शोषलं जातं, पण आतड्याची भिंत आणि यकृत त्याला लगेच दुसऱ्या रूपात बदलतात. मूळ रूपातलं रेस्व्हेराट्रॉल रक्तात जवळजवळ सापडतच नाही. कांद्यातल्या क्वेर्सेटिनचंही तसंच. भरपूर कांदा खाल्ल्यावरही रक्तात ते १ मायक्रोमोलच्या आतच राहतं, आणि तेही बदललेल्या रूपात.

माणसांवरच्या चाचण्यांत मात्रा किती होती, तेही पाहायला हवं. डेन्मार्कमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लठ्ठ पुरुषांना १६ आठवडे रोज १००० मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल दिलं, तेव्हा कण्यातल्या हाडाची घनता किंचित वाढली. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना रोज दोन वेळा ७५ मिलिग्रॅम दिल्यावर कण्याच्या हाडात थोडा फायदा दिसला. हे निकाल दखल घेण्यासारखे आहेत. पण रोज १५० मिलिग्रॅम वाइनमधून मिळवायचे तर सत्तरहून जास्त लिटर वाइन लागेल. आणि एवढी दारू हाडाला अपायच करते. तेव्हा द्राक्षाच्या नावावर वाइनची भलामण करणारा कोणताही लेख वाचकाने बाजूला ठेवावा.

खबरदारीची दुसरी जागा त्या लाल बशीतच आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त झालं की ते बीटा-ग्लिसरोफॉस्फेट फोडतं आणि कॅल्शियम फॉस्फेट आपोआप खाली बसतं. रंग त्यालाही लागतो. ते हाड नव्हे. म्हणून कोलॅजनची रचना, जनुकांची पातळी आणि शेवटी प्राण्याच्या जबड्यातला परिणाम पाहिल्याशिवाय कोणी हाड झालं असं म्हणू नये. कर्क्युमिन, क्वेर्सेटिन, रेस्व्हेराट्रॉल यांचा आणखी एक दोष औषधशास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगत आहेत: ही द्रव्यं अनेक प्रथिनांना सैलपणे चिकटतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक चाचणीत ती काहीतरी परिणाम दाखवतात. प्रत्येक रोगावर गुणकारी अशी त्यांची कीर्ती होण्याचं हे एक कारण आहे.

पोटातून दिलेलं द्रव्य जबड्यापर्यंत पोचत नसेल, तर ते थेट जबड्यातच ठेवणं हा सरळ मार्ग. हाड हवं त्या खड्ड्यात कोलॅजनचा स्पंज किंवा कॅल्शियम फॉस्फेटचा सच्छिद्र तुकडा बसवायचा आणि त्यात दडवलेलं द्रव्य हळूहळू सुटू द्यायचं. मग यकृताचा प्रश्न येत नाही आणि मात्रा मायक्रोमोलमध्ये सांभाळता येते. हिरडीच्या खळग्यात औषधाचं जेल भरण्याच्या चाचण्या आपल्या देशात बऱ्याच झाल्या आहेत. बंगळूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात डॉ. ए. आर. प्रदीप यांच्या गटाने कोरफडीच्या जेलचीही अशी चाचणी घेतली होती. वनस्पतीद्रव्यांचं भवितव्य मला या वाटेवर दिसतं. गोळ्या-काढ्यांच्या वाटेवर दिसत नाही.

दातांच्या पेशी माणसाच्या तोंडात परत घालण्याचे प्रयोग मोजकेच झाले आहेत, आणि त्यांनी थोडं चकितही केलं आहे. इटलीतल्या नेपल्सच्या गटाने अक्कलदाढ काढलेल्या जागी रुग्णाच्याच दुसऱ्या दाढेतल्या पेशी कोलॅजन स्पंजवर ठेवल्या आणि २००९ मध्ये हाड भरल्याचं प्रसिद्ध केलं. तीन वर्षांनी त्या हाडाचा बारीक तुकडा तपासला, तेव्हा तिथे हाड होतं खरं, पण ते घट्ट, भरीव होतं. त्या जागी स्पंजासारखं जाळीदार हाड असायला हवं होतं. चीनमधल्या शिआनच्या गटाने २०१८ मध्ये मार लागून मेलेल्या दातांत मुलांच्याच दुधाच्या दातातल्या पेशी घातल्या. ४० मुलांच्या त्या चाचणीत पेशी दिलेल्या दातांत रक्तपुरवठा आणि संवेदना परत आली. तिथे हाडाचा नव्हे, तर गर पुन्हा जिवंत करण्याचा प्रश्न होता. दंतपेशीचा मूळ स्वभाव बघता हे साहजिकच म्हणावं लागेल. २००० सालच्या पहिल्या प्रयोगात उंदराच्या कातडीखाली ठेवलेल्या अक्कलदाढेच्या पेशींनीही हाड केलं नव्हतं, दंतिन केलं होतं. आणि दुधाच्या दाताच्या पेशींनी स्वतः हाड न घडवता उंदराच्याच पेशींना बोलावून त्यांच्याकडून हाड घडवून घेतलं होतं. दाताच्या पेशीला हाडाकडे वळवायला काहीतरी ढकलणारं लागतं, ते यासाठीच. वनस्पतीद्रव्यांचा शोध तिथेच सुरू होतो.

काही आईवडील मुलांचे दुधाचे दात बँकेत जपून ठेवण्यासाठी पैसे भरतात. त्यांना नियम स्पष्ट सांगायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार देशात फक्त नाळेच्या रक्ताच्या साठवणुकीला परवानगी आहे. दातातल्या ऊतकाच्या व्यापारी साठवणुकीला नाही. दंत-मूलपेशींनी जबड्याचं हाड भरणं हा आज संशोधनाचा विषय आहे, पैसे घेऊन देण्याचा उपचार नव्हे. कोणी तसा उपचार विकत असेल तर त्याच्याकडे नैतिकता समितीची मंजुरी आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. चाचणी खरी असेल तर रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. आणि कांडवेल घरी कोणी खाऊ नये. कच्च्या कांड्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी तोंड आणि घसा खाजतो. त्या कॅल्शियममुळे हाड भरतं हा समजही चुकीचा आहे, कारण ऑक्झलेटमध्ये अडकलेलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळतच नाही.

नाशिकपुरतं बोलायचं तर एका गोष्टीने मला विशेष उमेद वाटते. एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी होते तेव्हा प्रत्येक वेलीवरून वर्षभर पक्व झालेल्या काड्या उतरतात. त्या बांधावर टाकतात, कुट्टी करून बागेत आच्छादन म्हणून पसरतात किंवा जाळतात. युरोप आणि दक्षिण अमेरिकेत द्राक्षाच्या काड्यांवर काम झालं आहे. कोरड्या काडीच्या किलोत रेस्व्हेराट्रॉल आणि त्याची जोडलेली रूपं मिळून काही ग्रॅमपर्यंत भरतात, म्हणजे वाइनच्या कितीतरी पट. आणखी नवलाची गोष्ट अशी, की छाटलेली काडी लगेच मरत नाही. मध्यम तापमानात काही आठवडे ठेवली तर तिच्यातलं रेस्व्हेराट्रॉल वाढतं. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात काडी झटकन वाळते, तेव्हा इथे असंच घडेल असं गृहीत धरता येणार नाही. सावलीत, गारव्यात ठेवून ते मोजायला हवं. आपली बहुतेक लागवड थॉमसन सीडलेस आणि तिच्या वाणांची आहे. त्यात किती भरतं, फवारण्यांचा अंश काडीत किती उरतो, हेही मोजायला हवं, कारण तोंडात ठेवायच्या द्रव्यात बुरशीनाशकाचा लवलेश चालणार नाही.

हे काम करायला लागणारी माणसं आणि संस्था एकाच शहरात आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला आहे आणि राज्यातली बहुतांश दंत, आयुर्वेद आणि वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे, आणि त्याच पंचवटीत गणेशवाडीचं आयुर्वेद महाविद्यालय. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय हवाच असतो. एका विद्यार्थ्याने अक्कलदाढेतल्या पेशी वाढवाव्यात, दुसऱ्याने कांडवेल नीट ओळखून, कोणत्या गावची, कोणत्या महिन्यातली, कोणता भाग याची नोंद ठेवून अर्क काढावा, तिसऱ्याने द्राक्षकाडीचा अर्क काढावा, आणि दोन्ही अर्क त्याच पेशींवर, एकाच मात्रेच्या शिडीवर तपासावेत. आज एकाचा अर्क दुसऱ्याच्या अर्काशी ताडून पाहता येत नाही, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी उणीव आहे. ती भरून काढायला शिस्त लागते, फार मोठा पैसा लागत नाही.

वाचकांकडे एक मागणं आहे. तुमची किंवा घरातल्या कोणाची निरोगी अक्कलदाढ काढायची वेळ आली आणि एखाद्या दंत महाविद्यालयाने ती संशोधनासाठी मागितली, तर संमतीपत्र वाचून घ्या, नाव गुप्त राहील याची खात्री करून घ्या, आणि दाढ द्या. तुमचा त्यात एक रुपयाही खर्च होत नाही, आणि एका दाढेतल्या पेशींवर एका विद्यार्थ्याचा वर्षभराचा अभ्यास उभा राहतो.